वीस वर्षांची हमी

सोमवार, २ मार्च

लेकीने ही वही पाठवली. सोबत फोनवर उपदेश: "बाबा, डोक्यात जे जे येतं ते सगळं आईच्या कानावर घालत जाऊ नका. तिला जरा शांत राहू द्या. वहीला सांगा." म्हणजे मी बडबड्या ठरलो. ठीक आहे. वही निदान अर्ध्यातून उठून स्वयंपाकघरात जाणार नाही.

तर वही, ऐक. आमच्या हिला सॅक हवी आहे. पाठीला लावून डोंगरात न्यायची. घरात माळ्यावर तीन पडल्यात, त्यातली एक लेक कॉलेजला होती तेव्हाची, चेन अजून लोण्यासारखी चालते. पण नाही. हिला त्या गिर्यारोहणाच्या सामानाच्या चकचकीत काचेच्या दुकानातलीच हवी. तिची किंमत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला वाटलं, चिठ्ठीवर दुकानाचा फोन नंबर लिहिलाय.

आणि मुळात जायचंच कशाला? इस्पितळात हिच्या शेजारच्या खुर्च्यांवर बसून ज्या दोघी औषधाच्या बाटल्या चढवून घ्यायच्या (मी त्यांना सलाइन मंडळ म्हणतो), त्यांनी हिच्यासकट ठरवलंय की महिनाअखेर पाच दिवस डोंगरातून चालायचं. रात्री लाकडी खोपटांत मुक्काम. आपापलं सामान आपल्याच पाठीवर. वर्षापूर्वी हिच्या डाव्या बाजूची गाठ काढली, काखेतल्याही काढल्या. केस गेले, केस आले. आता डॉक्टर म्हणतात सगळं छान आहे, एप्रिलमध्ये तपासणीला या. सगळं छान आहे तर घरात बसून छान राहता येत नाही का?

हे मी हिला विचारलं नाही. सॅक महाग आहे, एवढंच म्हटलं.

बुधवार, ४ मार्च

दोन दिवस सॅकचाच अभ्यास चाललाय. कामात लक्ष नाही. मी गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवतो, उभा जन्म त्यात गेला, तेव्हा कापड, दोरा आणि फोम मला कोणी शिकवायला नको. दुपारी दुकान अर्धं बंद करून जाऊन ती सॅक आतून बाहेरून चाचपून आलो. कापड चांगलं आहे, कबूल. जिथे ताण येतो तिथे आडवे टाके घातलेत, तेही कबूल. पण म्हणून एवढे पैसे? तेवढ्यात मी एका गाडीच्या सगळ्या सीटा अस्सल चामड्यात मढवून देईन आणि वर काचा पुसून देईन.

घोडं कुठे पेंड खातंय तेच कळत नाही. ही ड्रायव्हिंग शिकवते, हिचा स्वतःचा पगार आहे, कोणाला विचारायची गरज नाही. मी म्हटलं, "तुझे पैसे आहेत, घे की. मला कशाला विचारतेस?"

तर म्हणते, "तुम्ही दुकानात बरोबर या. तुम्ही हो म्हणालात की घेते."

आता हिच्या पैशाला माझा होकार कशाला लागतो?

शनिवार, ७ मार्च

गेलो बरोबर. दुकानातल्या बाईंनी सॅकमध्ये वाळूच्या पिशव्या भरल्या, हिच्या पाठीची उंची मापून घेतली, आधी कमरेचा पट्टा आवळला आणि मग खांद्यांचे पट्टे नुसते अंगाला टेकवले. म्हणाल्या, "सगळा भार कमरेवर. खांद्यांनी फक्त तोल सांभाळायचा."

तिथे फळ्यांचा एक चढउतार केलाय. ही त्यावरून गेली, आली, परत गेली. हात मोकळे सोडून चालत होती. आरशासमोर थांबली आणि हसली. हिला असं हसताना मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं, हे खरं तेच लिहितो.

मग बाई म्हणाल्या, "वीस वर्षांची हमी आहे. उसवलं, फाटलं तर फुकट करून देऊ."

मी म्हटलं, "वीस वर्षं वापरणार कोण आहे?"

रास्त बोललो की नाही? माणूस चालणार पाच दिवस, वीस वर्षांचे पैसे का भरायचे? हिने बकल सोडली, सॅक खाली ठेवली आणि मोज्यांच्या मांडणीपाशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ मोजे बघत होती, घेतला मात्र एकही जोड नाही. येताना मी विचारलं, "मोजे फार महाग होते का?"

"हो," म्हणाली.

तर बघा. मोजेसुद्धा महाग. लुटायला बसलेत.

रविवार, ८ मार्च

लेकीचा फोन. "बाबा, काल दुकानात काय बोललात?"

"किंमत बोललो."

"शब्द न् शब्द सांगा."

सांगितले. मग "तुम्ही ना, बाबा..." एवढं बोलून ठेवला फोन. मायलेकींनी मिळून मला कंजूष ठरवलेलं दिसतंय. ठरवा. मला दिवसभर एका जागी बसवत नाही, तीन वेळा उगाच जिना उतरून आलो. त्यात आणखी हे.

मंगळवार, १० मार्च

सुचलं. एवढं सोपं होतं आणि आठवडाभर डोकं खात बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

सॅक मीच करणार. बाजारातून साधी आणली आणि दुकानात उभ्या उभ्या सगळी उसवली. पट्ट्यांतला फोम म्हणजे नुसता पाव, दाबला की बसला. आता त्यात गाडीच्या सीटचा घट्ट फोम घालतो. डाव्या पट्ट्यात दुप्पट, कारण हिची ती बाजू नाजूक आहे, मला तेवढी अक्कल आहे. छातीवरून आडवा जाणारा पट्टाही गादी घालून रुंद करतो.

शेजारचा टायरवाला डोकावून गेला. म्हणाला, "ही सॅक आहे की स्कूटरची सीट?" मी म्हटलं, तू हवा भर. जळतो मेला.

शनिवार, १४ मार्च

चार संध्याकाळ खपून पूर्ण केली. कडेला लाल पट्टी फिरवली, एक टाका इकडचा तिकडे नाही. हिच्या हातात दिली. हिने सगळ्या बाजूंनी फिरवून पाहिली, लाल पट्टीवरून बोट फिरवलं. मग हसली. म्हणाली, "छान केलीत हो." आवाज जरा बसल्यासारखा वाटला. सर्दी होणार बहुतेक.

लगेच सामान भरून पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर घेऊन गेलो. ही पुढे, मी मागे, नजर शिलाईवर. एक टाका हलला नाही. फक्त ही सारखी डाव्या पट्ट्याखाली अंगठा घालून तो पुढे ओढून धरत होती. मी म्हटलं, "असं धरू नकोस, फोमचा आकार बिघडतो." मग तिने सोडला.

उतरताना दोनदा सावलीत थांबली. ऊन लागलं असेल. घरी येऊन घड्याळ डाव्या हातातलं काढून उजव्या हातात घातलं. ही सलाइन मंडळाची नवीन फॅशन असणार. काचेच्या दुकानाचे पैसे वाचले, हे मात्र मी दोनदा बोलून दाखवलं.

सोमवार, १६ मार्च

आज दुकानात एक म्हातारा टॅक्सीवाला आला. पुढच्या सीटला चांगलं रेक्झिन लावा म्हणाला. मी भाव सांगितला. "किती टिकेल?"

"दहा वर्षं कुठे जात नाही."

तो म्हणाला, "मग स्वस्तातलं लावा. दहा वर्षं मी तरी कुठे टिकतोय."

टायरवाला हसला. मीही हसलो. आणि हसता हसता माझा हात कात्रीत तसाच राहिला.

वीस वर्षं वापरणार कोण आहे. हिच्या तोंडावर म्हणालो मी. वर्षापूर्वी डॉक्टरांच्या खोलीत "किती" हा शब्द विचारायची माझी छाती झाली नाही, हिनेच विचारलं होतं, मी भिंतीवरचं घड्याळ बघत बसलो होतो. आणि परवा एका परक्या बाईसमोर मी ते सहज बोलून गेलो, आणि वर मोज्यांचा भाव विचारला. माझी जीभ झडली कशी नाही?

घरी जाऊन माफी मागायची असं ठरवून जिना चढलो. दारात ही दिसली आणि तोंडातून निघालं, "भांडी मी घासतो."

"बरं," म्हणाली.

मंगळवार, १७ मार्च

कालच्या भांड्यांनी मनाचं समाधान झालं नाही, म्हणून आज इस्त्रीही करायला घेतली. हिचे कामावर घालायचे तीन शर्ट. पहिल्याच शर्टावर हात थांबला. डाव्या बाहीची शिवण बगलेपासून खालपर्यंत उसवून पुन्हा घातलेली. आत शिल्लक होतं नव्हतं तेवढं कापड सोडलेलं. दोरा वेगळाच, टाका लांब, घाईचा. दुसरा शर्ट तसाच. तिसराही.

माझ्या अंगाची लाहीलाही झाली. शिवणाऱ्या माणसाची बायको बाह्या उसवायला नाक्यावरच्या शिंप्याकडे जाते! तसाच शर्ट घेऊन हिच्यासमोर गेलो. ही चहा घेत होती.

"हे काय आहे? मी मेलो होतो का? आणि हा टाका बघ, पोत्याला घालतात असा. बरं, उसवायच्याच होत्या तर दोन्ही उसवायच्या. डावीच का..."

तिथेच थांबलो. प्रश्न तोंडातून निघाला तेव्हा मला स्वतःला तो ऐकू आला.

हिने कप खाली ठेवला, दोन्ही बाह्या वर सारल्या आणि हात टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. डावा हात उजव्याच्या जोडीचा नव्हताच, सुजून जाड झाला होता. मनगटापाशी घड्याळाच्या पट्ट्याचा वळ अजून होता.

"संध्याकाळपर्यंत जड होतो," ती म्हणाली. "फेब्रुवारीपासून."

"डॉक्टरांना दाखवलंस?"

"दाखवलं. काखेतल्या गाठी काढल्या की होतं कधीकधी. व्यायामवाल्या बाईंनी सूज दाबायला हाताला घट्ट बाही दिलीय, ती घालून चाला म्हणाल्या, कितीही चाला. फक्त खांद्यावर भार नको, कमरेवर हवा. तसली सॅक घ्या, असं त्यांनीच सांगितलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही डोंगरच बंद केला असता."

"आणि मी केलेली ती? डाव्या पट्ट्यात दुप्पट..."

ही कपाकडे बघत राहिली. "तुम्ही चार संध्याकाळ खपून केलीत. कसं सांगणार?"

टेकडीवर ती अंगठ्याने पट्टा का ओढत होती ते मला कळलं, आणि मी त्यावर काय म्हणालो तेही आठवलं. माझा मलाच राग आला. आणि त्या रागात मी काय बोलावं?

"जायचं नाही. विषय संपला."

"बघा," ती म्हणाली.

बुधवार, १८ मार्च

अबोला. मीठ हवं असलं तर मीच उठून घेतो.

शुक्रवार, २० मार्च

एक सीट उलटी कापली. चांगलं कापड वाया गेलं. टायरवाला काही बोलला नाही, म्हणजे माझा चेहराच तसा असणार.

ही रोज सकाळी टेकडी चढते, पाठीला काही न घेता. मी खिडकीतून बघतो. वर टाकीपाशी पोचली की दिसते, मग पलीकडे उतरली की दिसत नाही. तेवढा वेळ मी खिडकी, दार, खिडकी करतो. चहा गार होतो. परत वर दिसली की मग पितो.

रविवार, २२ मार्च

आज मीच बोललो. तोडगा काढला होता, चांगला होता. म्हटलं, "हे बघ. एप्रिलची तपासणी होऊन जाऊ दे. सगळं नीट आलं की मग जा. ती महागातली सॅक मी स्वतः घेऊन देतो."

"आणि नीट नाही आलं तर?"

मी मिठाची बरणी उघडून पुन्हा बंद केली.

"म्हणूनच आधी जायचंय," ती म्हणाली. "त्यांनी काही सांगायच्या आधी. आत्ता मी बरी आहे, एवढं मला ठाऊक आहे. दोघींचंही तेच म्हणणं आहे. एप्रिलनंतरचं कोणी सांगावं?"

मी पुन्हा पैशावर आलो. सवयच लागली. तशी ती म्हणाली, "पुरे झालं. ताकाला जाऊन भांडं का लपवता? माझ्या गाडीत शिकणाऱ्यांचा पाय कधी नुसताच ब्रेकवर असतो आणि कधी घाबरून, मला कळतं. तुमचा महिनाभर तिथेच आहे. किमतीचं नाव सांगू नका."

मग मी बोललो. आयुष्यात एवढं सरळ बोललो नसेन. म्हटलं, मला भीती वाटते. तू डोंगरात पडशील याची नाही, तू माझ्यापेक्षा बरी चालतेस. तू पाच दिवस घरात नसशील आणि हे घर तुझ्याशिवाय कसं असतं ते मला कळेल, त्याची भीती वाटते. ते मला एप्रिलच्या आधी कळून घ्यायचं नाही. नंतरही नाही.

ही रडली. मीही. दोघं बावळटासारखे स्वयंपाकघरात उभे.

दुकानातल्या बोलण्याबद्दल माफी मागितली. म्हणाली, "तुम्ही पैशाचंच बोललात, मला माहीत होतं. सहज बोललात, म्हणून लागलं."

"वीस वर्षं म्हणजे..."

"असू दे आता. पाच दिवसांचं बोला."

मंगळवार, २४ मार्च

घेतली. महाग आहे. अजूनही म्हणतो, महाग आहे. चेनच्या टोकाला जी दोरी लावलीय ती मी फुकटात याहून बरी लावून दिली असती. बाईंनी पुन्हा वाळू भरली, पट्टे बसवले, ही पुन्हा फळ्यांवरून जाऊन आली, बराच वेळ. मी तिचा डावा हात बघत होतो. मोकळा हलत होता. पैसे द्यायच्या वेळी तिने माझ्याकडे पाहिलं आणि थांबली.

"हो," मी म्हटलं.

शुक्रवार, २७ मार्च

आज गेली.

पहाटेपासून तयारी चालली होती. मी सामान चार वेळा आत भरलं आणि पाच वेळा बाहेर काढलं, शेवटी हिने मला बाजूला बसवलं. सलाइन मंडळ खाली गाडीत येऊन थांबलं होतं, हॉर्न वाजवत होतं. हिने सॅक पाठीवर घेतली. कमरेचा पट्टा दोन्ही बाजूंनी ओढून आवळायचा असतो. उजवीकडून तिने ओढला. डाव्या हातावर ती घट्ट बाही, त्या हाताने जोर येईना.

"जरा ओढा हो," म्हणाली. "आणि वरचाही, छातीवरचा. तो उगाच लोंबतोय."

मी जवळ गेलो. त्या बाजूला वर्षभरात मी हात लावलेला नाही. हे वहीलाही सांगितलं नव्हतं. आधी मलमपट्टी होती म्हणून, मग ती नाही म्हणेल म्हणून, मग तीही काही बोलली नाही म्हणून. झोपतानाही मी तिच्या उजवीकडे झोपायला लागलो.

"ओढा ना."

"दुखेल."

"दुखलं तर सांगेन."

"नाही सांगत तू. टेकडीवर नाही सांगितलंस."

"या वेळी सांगेन."

कमरेचा ओढला. दुखत नाही म्हणाली. छातीवरचा हातात घेतला, बकल लावली, तिच्या डाव्या अंगाला माझी बोटं लागली. खालून हॉर्न वाजला. हळूहळू ओढत गेलो.

"दुखतंय?"

"नाही. अजून."

अजून ओढला.

"आता?"

तिने एकदा श्वास आत ओढून पाहिला. मला वाटलं, आता नाहीच म्हणणार.

"हो," म्हणाली. "आता दुखतंय."

जाऊ नकोस असं म्हणायला तोंड उघडलं होतं. मिटलं. बोटभर सैल केला.

"आता?"

"आता बरोबर आहे," म्हणाली, आणि जिना उतरून गेली.